वाजवायची कवळी

राज्य पातळीवरचा मोठा कला पुरस्कार घ्यायला लातूरला निघालो, त्या दिवशी मी सॅक्सोफोन घेतला, वेताच्या पत्त्यांची डबी घेतली, गळ्यातला पट्टा घेतला आणि दात घरी विसरलो.

म्हणजे तोंडात दात होते. नव्हते ते वाजवायचे दात. हे जरा समजावून सांगावं लागेल.

सॅक्सोफोन नुसत्या फुंकरीवर वाजत नाही. त्याच्या टोकाला चोचीसारखा माऊथपीस असतो आणि त्याला खालून वेताची पातळ पत्ती आवळलेली असते. खालचा ओठ त्या पत्तीखाली गादीसारखा घालायचा आणि वरचे पुढचे दात वरून घट्ट टेकवायचे. सगळा भार त्या वरच्या दातांवर. जन्मभर मी वरातीत जीव खाऊन वाजवलं. त्यामुळे म्हणा की पानतंबाखूमुळे म्हणा, माझ्या वरच्या दातांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतली. नांदेडच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी करून दिली. तिच्यावर भाकरी चावता येई, भांडणही करता येई. पण पहिला सूर लावला की कवळी टाळू सोडून माऊथपीसबरोबर बाहेर येई. मग बाईंनी दुसरी केली, जाड आणि टाळूला गच्च बसणारी. ती बसते का बघायला त्यांनी मला वाद्य घेऊन दवाखान्यात बोलावलं. मी खुर्चीत बसून एक लांब सूर लावला. बाहेर बसलेला एक पेशंट दाढ न दाखवताच उठून गेला, असं कंपाउंडर नंतर सांगत होता.

तेव्हापासून माझ्याकडं दोन कवळ्या. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. माझे खायचे वेगळे आणि वाजवायचे वेगळे. वाजवायची कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून सॅक्सोफोनच्या जुन्या पेटीतल्या छोट्या कप्प्यात राहायची, कारण घरात दुसरीकडं कुठंही ती दिसली की आमच्या कौसल्याबाई जेवणावरून उठायच्या. पुरस्काराचं कळल्यावर पुण्याच्या लेकीनं नवी पेटी पाठवली, आतून लाल मखमलीची. निघायच्या दिवशी मी वाद्य त्या मखमलीत ठेवलं, आरशात बघून टोपी बसवली, आणि जुन्या पेटीचा कप्पा उघडायचा राहून गेला.

पुरस्कार जाझसाठी होता. नांदेडच्या माणसाला जाझसाठी पुरस्कार म्हणजे लातूरच्या माणसाला पोहण्याचं पदक. त्यामुळे पहिला फोन आला तेव्हा मी त्या सद्गृहस्थांना सांगितलं, की बाबा, मागं मला लॉटरी लागली होती, त्याच्या आधी माझी वीज तोडणार होते, आता पुरस्कार व्हय? आणि फोन कापला. त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा कापला. शेवटी त्यांनी लेकीला गाठलं, तेव्हा कुठं मला पुरस्कार मिळाला.

हे जाझ मला कुठं भेटलं, तेही सांगतो. माझे वडील देगलूरला सनई वाजवायचे. पहाटे देवळात आणि मुहूर्ताला मांडवात. मराठी, कानडी, तेलुगू, सगळ्यांची लग्नं त्यांच्या सनईवर लागायची. मला सनईची लाज वाटे. बसून वाजवायचं, कोपऱ्यात वाजवायचं आणि नवरदेवाकडं बघायचंसुद्धा नाही. मला गणवेश पाहिजे होता, पितळी बटणं पाहिजे होती, रस्त्याच्या मधोमध चालायचं होतं. म्हणून मी नांदेडला येऊन बँडमध्ये शिरलो आणि सॅक्सोफोन धरला. वडील एकदा ऐकायला आले. मी दात रोवून, गाल फुगवून वाजवत होतो. त्यांनी एवढंच म्हटलं, "वाजवणाऱ्याचे दात म्हंजी पाव्हणे. आज हायत, उद्या न्हाईत. ओठ घरचे. घरच्याला इचार." मी त्यांना चहा पाजला आणि देगलूरच्या गाडीत बसवून दिलं.

बँडवाल्याचं वर्ष पंचांगावर चालतं. आषाढी झाली की मुहूर्त बंद आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत बँडवाले घरी बसून माश्या मारतात. अशाच एका चातुर्मासात माझ्या वाद्याच्या भोकांवरची गादी फाटली म्हणून मी सिकंदराबादला दुरुस्तीला गेलो. दुरुस्ती करणारे डिसूझा म्हणून एक गोव्याचे म्हातारे होते. वाद्य नीट झालं का बघायला त्यांनी ते तोंडाला लावलं. चाल ओळखीची होती, आम्ही वरातीत वाजवायचो तीच. पण हा माणूस तिच्यातून बाहेर पडला, कुठल्या कुठं फिरून आला आणि नेमका समेवर दारात हजर. मी विचारलं, हे काय होतं? ते म्हणाले, जाझ. मी तिथंच राहिलो. पुढं वर्षानुवर्षं लोक चातुर्मासात पोथी लावायचे आणि मी सिकंदराबादला जाऊन जाझ लावायचो.

वाचकांपैकी ज्यांना जाझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्यांनी कीर्तनकार आठवावा. बुवा एक अभंग घेतात, तो सगळ्यांना पाठ असतो. मग बुवा आख्यानात शिरतात, राजाची गोष्ट सांगतात, सुनेची सांगतात, गावच्या सरपंचाला चिमटा काढतात, आणि सगळे अभंग विसरले असं वाटतं तोच त्याच ओळीवर परत येतात. जाझ म्हणजे तेवढंच. बाहेर पडणं सोपं असतं. परत येताना घर चुकायचं नाही.

मी घर चुकलेलो आहे. जळकोटला एक लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, वरात मारुतीच्या देवळाकडं निघालेली. मी नुकताच सिकंदराबादहून नवी अक्कल घेऊन आलो होतो. डोळे मिटले आणि चालीतून बाहेर पडलो. फार सुंदर बाहेर पडलो. चौकात वरात मारुतीकडं डावीकडं वळली. मी सरळ. पाठीमागचे ढोल बारीक झालेले मला जाणवले, पण मला वाटलं, माझा आवाज चढलाय. डोळे उघडले तेव्हा समोर बाजाराला आलेल्या म्हशी उभ्या होत्या आणि त्यांतली एक मन लावून ऐकत होती. परत पळत गेलो तर नवरदेव मारुतीला नमस्कार करून बाहेर आलेला, आणि नवऱ्या मुलाचे मामा विचारत होते, आमचा पिपाणीवाला कुणी पळवला.

मला शोधायला जो मागं पळत आला होता तो रज्जाक. आमचा ढोलवाला आणि पुढं माझा ड्रमवाला. जाझमध्ये ड्रम कातड्यावर तारेच्या कुंच्यानं घासून वाजवतात, पावसाच्या झिमझिमीसारखा आवाज येतो. नांदेडला असले कुंचे मिळायचे नाहीत. रज्जाकनं शिंदीच्या झाडूच्या काड्या निवडून, तेलात मुरवून, सुतळीनं बांधून स्वतःचे कुंचे केले. आजही तो त्यांनीच वाजवतो. माझ्या प्रत्येक फजितीला तो साक्षीदार आहे, हे एक त्याच्याबद्दल माझं गाऱ्हाणं.

डीजे आले आणि बँड बसले. आम्ही दोघं मात्र कुणी बोलावलं तर वाजवत राहिलो. कॉलेजात, एखाद्या घरच्या बैठकीत, कधी हिमायतनगरला कुणाच्या साठीशांतीला. तिथं जेवणं चालू असताना वाढपी आमच्या तालावर वाढायला लागला आणि पंगतीनं आम्हाला जरा हळू वाजवा म्हणून सांगितलं, कारण भात ताटात पडायच्या आधी वाढपी पुढं जायचा.

सराव मी गोदावरीच्या घाटावर करायचो. हौसेनं नव्हे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कौसल्येनं सांगितलं होतं, की घरात एक तर हे वाजंल न्हाई तर मी राहीन. तेव्हापासून पेटी उचलून नदीवर. उन्हाळ्यात नदी आटायची, मी नाही आटलो.

तर पुरस्कार जाहीर झाला आणि कुजबूज सुरू झाली. वरातीत वाजवणाऱ्याला कसलं जाझ येतंय, असं कुणी लिहिलं, कुणी बोललं. लेकीनं मला ते मोबाईलवर वाचून दाखवलं नाही, पण जावयाला वाचून दाखवताना मी ऐकलं. संयोजकांनी कळवलं, की पुरस्कार देऊन झाला की तुम्ही थोडं वाजवा. बोलणाऱ्यांना उत्तर मिळेल. म्हणजे ते वाजवणं माझ्या गळ्यात आलं. नीट वाजलं तर पुरस्कार माझा. नाही वाजलं तर पुरस्कार मिळूनही मी बँडवाला तो बँडवालाच. बँडवाला असण्याची मला लाज नाही. पण रज्जाकच्या काड्यांना कुणी हसू नये, असं फार वाटत होतं. त्यानंही त्यासाठी नवीन काड्या बांधल्या होत्या. मी सगळ्यात अवघड, सगळ्यात वेगवान तुकडा बसवला. सगळे उंच सूर त्यात भरले. बोलणारे गप्पच झाले पाहिजेत.

लातूरला नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत मी नवी पेटी उघडली. लाल मखमल. त्यात वाद्य होतं. पत्त्या होत्या. मी सगळे कप्पे चाचपले, मखमलीखाली बोटं घातली, मग खाली बसलो.

रज्जाकनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "काय राहिलं, मास्तर?"

मी सांगितलं. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आश्चर्य वाटायचं बंद होतं. नांदेड तीन तासांवर, घराला कुलूप आणि किल्ली कौसल्येच्या कमरेला. ती पहिल्या रांगेत, लेकीनं घेतलेल्या पैठणीत.

खायच्या कवळीवर वाजवून पाहिलं. दुसऱ्याच सुराला कवळी माऊथपीसला चिकटून बाहेर आली. नेमकी त्याच वेळी निवेदिका दार ढकलून आत आली. मी वाद्य पाठीमागं धरलं आणि तोंड मिटलं. मुलगी फार गोड बोलत होती. सर, कार्यक्रमात थोडा बदल आहे, सुरुवातच तुमच्या वादनानं केली तर चालेल ना? मी मान हलवली. आणि पुरस्कारानंतर मनोगत, आवडेल ना? मी मान हलवली. सर किती साधे आहेत, असं रज्जाकला म्हणून ती गेली. तोंड उघडता आलं असतं तर दोन्हींना नाही म्हणालो असतो.

रज्जाक म्हणाला, थांबा, आणि बाहेर गेला. परत आला तो हातात ओल्या कणकेचा गोळा घेऊन. नाट्यगृहामागं पुऱ्या तळणं चाललं होतं, तिथून आणला होता. म्हणाला, "पखवाजाला कणीक लावूनच सूर बसवून राहिलेत लोक. तुम्हाला लावून पाहू." बुडत्याला काडीचा आधार, मला कणकेचा. टाळूला कणीक थापून वर कवळी बसवली. पहिला सूर आला, दुसरा आला, तिसऱ्याला कणीक नळीत गेली आणि सॅक्सोफोन म्हशीसारखा हंबरला. रज्जाकनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे.

मी काडीनं कणीक कोरत बसलेलो असताना कौसल्या शाल द्यायला आली. मी कोरतोय, कवळी टेबलावर, रज्जाक भिंतीकडं तोंड करून. तिनं विचारलं नाही, तिला कळलं. मी म्हणालो, की आता जाऊन सांगतो, तब्येत बरी नाही. लोक काय बोलायचं ते बोलतील.

"मामंजीला कुठं दात हुते?" ती म्हणाली. "माझ्या लग्नात वाजवलं तवा तोंडात एक न्हवता. सनई बंद पडली हुती का त्यांची?"

मी म्हटलं, सनई वेगळी, हे वेगळं. ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. टेबलावरची कवळी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि जागेवर जाऊन बसली.

पडदा वर जायला वेळ उरला नव्हता. मी विंगेत उभं राहून वडील कसे धरायचे ते आठवलं. दोन्ही ओठ आत वळवायचे, हिरड्यांवर गादी करायची आणि पत्तीला दाबायचं नाही, नुसतं धरायचं. उंच सूर असे येत नाहीत. जोर असा लागत नाही. वेग तर नाहीच. मी बसवलेल्या तुकड्यातलं काही म्हणजे काहीच येणार नव्हतं. रज्जाकच्या कानात मी सांगितलं, की हळू. त्यानं विचारलं, किती? मी म्हटलं, मी पडणार नाही एवढं.

काय वाजवायचं ते ठरलं नव्हतं. वडील पहाटे देवळात एक धून वाजवायचे. चार-पाच सुरांची, नाव नसलेली. लहानपणी गोधडीत पडल्या पडल्या ऐकायचो आणि कधी संपते याची वाट बघायचो. तीच आली. आवाज असा निघाला, की मला वाटलं शेजारच्या घरातून येतोय. जाड, धुरकट, जरा थरथरता. माईक होता, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती. जन्मभर मी रस्त्यावर हॉर्नच्या आणि फटाक्यांच्या वर वाजवलं होतं. हळू वाजवलं तरी ऐकू जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं म्हणा एकानं. त्याला मी गाडीत बसवून दिलं होतं.

धुनेतून बाहेर पडलो. फार लांब नाही गेलो. रज्जाकच्या काड्या पाठीमागं पीठ चाळल्यासारख्या चालल्या होत्या. मी डोळे उघडे ठेवले होते, जळकोटपासूनची सवय. परत आलो तेव्हा घर जागेवर होतं.

मी वाद्य खाली घेतलं. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या चालू असतानाच मी मागं सरून ड्रमच्या स्टुलावर टेकलो. रज्जाक स्टुलावरच होता. अर्धा मी, अर्धा तो.

पुढं पुरस्कार झाला, शाल झाली, मानपत्र झालं. मग मनोगत. माझे दात पहिल्या रांगेत, पर्समध्ये. निवेदिकेनं माईक दिला. मी खूप काही ठरवलं होतं. डिसूझांचं नाव घ्यायचं, वडिलांचं घ्यायचं, आणि हा पुरस्कार अर्धा रज्जाकचा आहे, हे ठणकावून सांगायचं. पहिला शब्द काढला तर नुसती हवा आली. मी थांबलो. दुसरा काढला, तोही ओला झाला. मग मी हात जोडले आणि रज्जाककडं बोट केलं. सभागृह उठून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की पुरस्कारमूर्तींचा कंठ दाटून आला आणि त्यांना शब्द फुटेनात. फोटोखाली लिहिलं होतं, पुरस्कारमूर्ती व त्यांचे सहकारी. म्हणून इथं लिहितो. त्या सहकाऱ्याचं नाव रज्जाक. काड्या त्यानं स्वतः बांधल्या होत्या.

संयोजक निरोप द्यायला आले. म्हणाले, या वयात आवाजात केवढी परिपक्वता आली आहे, ही साधना कशी केलीत? मी तोंड मिटून मान हलवली. ते रज्जाकला म्हणाले, किती साधे आहेत.

परतताना अहमदपूरला जेवायला थांबलो. कौसल्येनं पर्समधून रुमाल काढून कवळी दिली. तिला बडीशेप चिकटली होती. ती धुतली, बसवली, आणि तोंड उघडता आल्याबरोबर मी बोलत सुटलो. संयोजकांनी काय म्हटलं, पहिल्या रांगेतल्या त्या दाढीवाल्यानं डोळे कसे पुसले, वडिलांना हे ऐकायला मिळालं असतं तर. रज्जाक ठेचा-भाकरी खात, हाव, हाव, करत होता. मग मी कौसल्येला विचारलं, की इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच बसून पुरतं ऐकलंस. खरं सांग, कसं झालं?

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, जरा विचार केला.

"चांगलं झालं की. उद्यापासून घरातच वाजवत जावा," ती म्हणाली. "नदीवर जायचंय ते एकदाच. ती दुसरी कवळी सोडून यायला."